फेनलॉत एकही घर रिकामं नको

१४, चॅपल रो, फेनलॉ
११ जानेवारी १९६७

प्रिय विनी,

राणीच्या गॅझेटात तुझं नाव छापून आलं, त्याचं कात्रण को-ऑपच्या दुकानाच्या खिडकीत साबणाच्या वड्यांवर चिकटवलंय. ‘बॅरोनेस गार्बट, फेनलॉच्या.’ नेड ते वाचायला स्वतः गेला. एरवी कोपऱ्यापर्यंत जायचं तरी त्याला भिंती धरत जावं लागतं, पण यासाठी गेला. परत येऊन खुर्चीत बसला, बराच वेळ नुसता धापा टाकत होता, आणि मग म्हणाला, “आपलं लग्न ठरलं तेव्हा कुणी बोललं नाही, मेहुणी उमरावीण होणार आहे म्हणून. मी जरा बरे बूट घालून आलो असतो.”

आई असती तर तिने आधी तुला केस नीट विंचरायला सांगितलं असतं आणि मग रडली असती. मी नुसतीच रडले.

पण खरं सांगते, मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटतेय. रविवारी चॅपल सुटायच्या वेळी टीसडेलबाई बाकावरून उठल्या. खाणीत नवरा गेल्यापासून आपल्या घरांच्या अख्ख्या ओळीचा कारभार त्यांच्याच हातात आहे, तुला ठाऊक आहे. म्हणाल्या, “राणीने स्वतःच्या सहीने आपलं गाव एका माणसाच्या नावाला बांधून दिलंय. नाव आहे तोवर गावाला हात लावता यायचा नाही. आता कौंटीवाल्यांनी पाडूनच दाखवावं!” लोकांनी बाकं बडवली. चॅपलमध्ये, विनी!

खाण बंद झाली आणि कौंटीने आपल्याला ‘ड’ वर्गात टाकलं, तेव्हापासूनचे हाल तुला वेगळे सांगायला नकोत. नवी वीट लावायची नाही, जुन्याची डागडुजी करायची नाही, आणि कुणी घर सोडलं की दुसरं कुणी शिरायच्या आत ते भुईसपाट करायचं. म्हातारं जनावर कोपऱ्यात बांधून ठेवावं तसं गाव ठेवलंय. आणि आता तुझ्या नावाने सगळ्यांना एकदम तरतरी आलीय. लोक खिडक्यांना रंग देताहेत, या थंडीत! जो तो मला गाठतो. “एथेल, म्हणजे आता पाडणार नाहीत ना?” मी म्हणते, आमच्या विनीला विचारून सांगते.

म्हणून विचारते. पाडणार नाहीत ना?

फोन करू नकोस. फोनच्या खोक्याबाहेर कायम कुणीतरी उभं असतं, आणि तुझा फोन म्हटल्यावर अर्धं गाव जमेल.

तुझी,
एथेल


पिम्लिको, लंडन
१९ जानेवारी १९६७

प्रिय एथेल,

उत्तर आधी देते, नाहीतर तू बाकीचं वाचणारच नाहीस. नाही. ते खरं नाही.

पदवीला एखादं गाव जोडावं लागतं, म्हणून त्या कामाचे एक गृहस्थ मला भेटले. मी फेनलॉ म्हटल्यावर त्यांनी नकाशावर बराच वेळ भिंग फिरवलं आणि अदबीने विचारलं, “हे गाव अजून आहे ना, बाईसाहेब?” मी म्हटलं, “आज सकाळपर्यंत होतं.” ते हसले. मला हसू आलं नाही. इथे असेही उमराव आहेत ज्यांच्या नावातलं गाव केव्हाच समुद्राने गिळलं. नावाला काही झालेलं नाही. नाव गावाला वाचवत नाही, एथेल. ते नुसतं मागे उरतं.

लॉर्ड्सच्या सभागृहात शपथविधी पार पडला. भाड्याचा लाल झगा, त्यावर पांढऱ्या फरच्या पट्ट्या, आणि डांबरगोळ्यांचा वास. पुरुषांनी वाकताना टोप्या काढायच्या, आम्ही बायकांनी नाही काढायच्या. मी गुडघ्यावर बसले तेव्हा गुडघा असा वाजला की साऱ्या सभागृहाने ऐकला असेल. शेजारचे लॉर्ड कॅल्डरशॉ पुटपुटले, “काळजी नको, सगळ्यांचाच वाजतो.” वयस्कर आहेत, पिढीजात उमराव आहेत, तरी माझ्याशी माणसासारखे वागतात. पहिल्या दिवशी मला ते बाकाला कान लावून गाढ झोपलेले दिसले. मग कळलं, बाकाच्या पाठीत भोंगे बसवलेत, ऐकू येण्यासाठी. ते जागे होते. अर्थात झोपलेलेही पुष्कळ असतात.

गावात हे इतक्यात सांगू नकोस. मी बोलणार आहे. अडचण एकच. इथे पहिलं भाषण होईपर्यंत साधा प्रश्नही विचारता येत नाही, आणि त्या पहिल्या भाषणात भांडायचं नाही अशी रीत आहे. छोटं बोलायचं, गोड बोलायचं, कुणाला दुखवायचं नाही. त्या बदल्यात सगळे शांतपणे ऐकतात आणि नंतरचा वक्ता तुझं कौतुक करतो. शाळांतल्या दुधासाठी, आयांच्या दवाखान्यासाठी, कोर्टात उभ्या केलेल्या पोरांसाठी मी जन्मभर टेबलावर हात आपटून भांडत आले. आणि आता भांडायला सगळ्यांत मोठी जागा मिळाली, तर तिच्या दारात चपला काढून ठेवायला सांगतात.

नेडची छाती कशी आहे?

विनी


फेनलॉ
२ फेब्रुवारी १९६७

प्रिय विनी,

सांगितलं नाही कुणाला. पण गप्प बसणंही काही सोपं नव्हतं.

गेल्या आठवड्यात क्रॉस्बी मुलाकडे राहायला गेले. सामानाची गाडी चढावरून दिसेनाशी होते न होते, तोच कौंटीची माणसं आली. आता ओळीच्या टोकाला नुसता ढिगारा आहे, आणि शेजारच्या हॉल यांच्या भिंतीवर क्रॉस्बींच्या झोपायच्या खोलीचा गुलाबी कागद उघडा पडलाय. पाऊस त्याच भिंतीतून आत येतो. येता-जाता बघवत नाही. कुणाचा तरी परकर वाऱ्यावर उडावा तसं वाटतं.

काल आमच्या स्वयंपाकघरात चिंध्यांच्या सतरंजीची चौकट लावली होती. यंदा टीसडेलबाईंची पाळी, लाल आणि काळी. सहा बायका, आणि माझ्यावर सहाजणींची नजर.

“एथेल, तू गप्प का?” टीसडेलबाईंनी विचारलं.

“टाके मोजतेय.”

“मोज, मोज. बहीण उमरावीण झाली म्हणून टाके कुणी दुसरं घालून देणार नाही.” मग सुई खाली ठेवून म्हणाल्या, “ऐका गं. विनी तिकडे तिचं काम करील. आपण इकडे आपलं करायचं. फेनलॉत एकही घर रिकामं होऊ द्यायचं नाही. क्रॉस्बी गेले ते शेवटचे. यापुढे जो जाईल तो शेजाऱ्याचं छप्पर बरोबर घेऊन जाईल.”

खोटं नाही ते, विनी. हॉल यांची भिंत बघितल्यावर कोण खोटं म्हणेल?

रात्री चॅपलमध्ये सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. नेडने नाही केला, म्हणाला खांदा आखडलाय. टीसडेलबाईंनी ते पाहिलं.

नेड ठीक आहे.

एथेल


पिम्लिको, लंडन
८ फेब्रुवारी १९६७

प्रिय एथेल,

‘नेड ठीक आहे.’ एवढंच? चाळीस वर्षांत तू नेडबद्दल इतकं कमी कधी लिहिलं नाहीस. त्याने मोजे उलटे घातले तरी मला पानभर वाचावं लागतं. डॉक्टर काय म्हणाले? मला खरं लिही.

इकडे माझा जीव टांगणीला लागलाय. उत्तरेकडच्या गावांवरची चर्चा बावीस तारखेला ठरली. त्याआधी शाळांवर चर्चा होती. त्यात मी दुधाबिधावर गोडगोड बोलून पहिलं भाषण उरकून टाकणार होते, म्हणजे बावीसला हात मोकळे. ती चर्चाच पुढे ढकलली. म्हणजे आता फेनलॉवरच माझं पहिलं भाषण, आणि फेनलॉवरच भांडायचं नाही.

लॉर्ड कॅल्डरशॉ म्हणाले, “थांबा, बाईसाहेब. उन्हाळ्यात पाणपक्ष्यांवर बोला. पक्ष्यांवर कुणी चिडत नाही.”

मी म्हटलं, “उन्हाळ्यापर्यंत माझ्या गावात फक्त पक्षीच उरतील.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, “तर मग भांडू नका. नुसतं सांगा. इथे बसलेल्यांपैकी कुणीही तुमच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात गेलेलं नाही.”

तेच करीन म्हणते. मला मदत कर. खिडकीतून काय दिसतं, सकाळी पहिला आवाज कुठला येतो, सगळं लिही. मी तिथून बाहेर पडले त्याला नको तितकी वर्षं झाली. भलतंच काहीतरी गोड बोलून बसेन अशी भीती वाटते.

विनी


फेनलॉ
१३ फेब्रुवारी १९६७

प्रिय विनी,

बसले लिहायला. काय सांगू?

सकाळी पहिला आवाज म्हणशील तर लोखंडी पळीने राख उकरण्याचा. एकीने सुरू केलं की भिंतीपलीकडे दुसरी, मग तिसरी. मग अंगणं ओलांडून सगळे संडासाकडे. या महिन्यात नळ दोनदा गोठला, तर उकळतं पाणी घेऊन जावं लागलं. नेडला त्या थंड हवेत जाताना खोकला लागतो, म्हणून मी बादली आत आणते. तो भिंतीकडे तोंड करून बसतो, मी चहा करते. हे लिहू नकोस.

खिडकीत माझं जिरेनियम आहे. हे लिही. ओळीच्या मागे लीकच्या भाजीचे वाफे आहेत. म्हाताऱ्या ह्यूबर्ट हॉलने यंदाही भाज्यांच्या स्पर्धेसाठी बी लावलंय, आणि रात्री कुणी रोपं कापून नेऊ नयेत म्हणून अंगणात खुर्ची टाकून बसतो. हेही लिही, लोक हसतील. शुक्रवारी पाव भाजल्याचा वास अख्ख्या ओळीत असतो. कुणी वारलं तर पडदे सगळेच ओढतात. आई गेली तेव्हा आपल्याला आठवडाभर एकही भांडं घासावं लागलं नव्हतं, आठवतं?

कपाटामागे भिंत काळी पडलीय. मी सोड्याने घासते, पुन्हा येते. नेड हल्ली खुर्चीतच झोपतो, आडवं झालं की श्वास पुरत नाही. हेही लिहू नकोस.

वाऱ्याबद्दल लिही. वारा इथला चांगला आहे.

एथेल


पिम्लिको, लंडन
२३ फेब्रुवारी १९६७

प्रिय एथेल,

झालं! घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

मी भांडले नाही. राख उकरण्याचा आवाज सांगितला, पावाचा वास, ओढलेले पडदे. ह्यूबर्टच्या लीकवर सगळे हसले. अगदी टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती, एथेल, आणि त्या शांततेत मला वाटलं, आई पाठीमागे उभी आहे. कागदावरचं संपलं होतं. तरी मी बसले नाही. मी म्हणाले, “फेनलॉत एकही घर रिकामं नाही, आणि एकाही घराला रिकामं व्हायचं नाही. माझी थोरली बहीण तिथे राहते. तिला उद्या राजवाडा दिलात तरी ती चॅपल रो सोडणार नाही.”

कौतुक करायची रीतच आहे, म्हणून मी कौतुकाकडे लक्ष दिलं नाही. पण शेवटी मंत्री उत्तराला उठले आणि म्हणाले, जिथलं एकही कुटुंब जायला तयार नाही, अशा गावांचा कौंटीने फेरविचार करावा असं मी सुचवेन. सुचवेन! मोठा शब्द नाही, मला कळतं. पण कौंटीचा माणूस एप्रिलअखेर येऊन घरं बघून जाणार. सगळी भरलेली दिसली तर वर्ग बदलू शकतो.

छापील अहवालाच्या तीन प्रती पाठवल्यात. एक टीसडेलबाईंना दे. आणि नेडला सांग, त्याचे जुने बूट मी भाषणात घातले नाहीत, एवढी दया केली.

तुझी आणि फेनलॉची,
विनी


पिम्लिको, लंडन
१० मार्च १९६७

एथेल,

पंधरा दिवसांत तुझं पत्र नाही. अहवाल पोचले का? काही चुकलं का माझं? टीसडेलबाईंनी मात्र आभाराचं कार्ड पाठवलं. त्यात तुझ्याबद्दल एवढंच आहे, ‘एथेल घाईत असते.’

घाई कसली? दोन-चार दिवसांत काही आलं नाही तर मी गाडी पकडून येते.

विनी


फेनलॉ
१२ मार्च १९६७

विनी,

येऊ नकोस. लिहिते.

तुझा अहवाल को-ऑपच्या काउंटरवर उभं राहून टीसडेलबाईंनी मोठ्याने वाचला. राजवाड्याच्या वाक्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या पाठीवर थापा मारल्या. “आपली एथेल!” ह्यूबर्टने मला सगळ्यांसमोर मिठी मारली. मी हसत उभी होते आणि दाराकडे बघत होते.

तुझ्या भाषणाच्या आदल्या आठवड्यात मी आणि नेड ब्रॅन्सफर्डला जाऊन आलो होतो. नव्या वसाहतीत. बाजाराला जातो म्हणून सांगून बसने गेलो. डॉक्टरांनी जानेवारीतच स्पष्ट सांगितलं होतं, खाणीची धूळ छातीतून निघणार नाही, पण ओल थांबवता येईल. कोरड्या घरात हलवा, नाहीतर पुढचा हिवाळा धरू नका. हे मी तुला लिहिलं नाही. तू लढाईला निघालेली, तुला काय लिहायचं?

घर छोटं आहे. जिना नाही. बाथरूम आतच आहे, विनी. नेडने तिथे भिंतीवर हात ठेवला, मग तोच हात बघितला, कोरडा होता. मला म्हणाला, “एथेल, ही भिंत बघ. कुणीतरी इस्त्री केल्यासारखी आहे.” मी तिथल्या माणसाला हो म्हणून आले. आल्यावर तुला लिहिणार होते. रोज उद्यावर टाकलं. आणि मग तू उठून उभी राहिलीस आणि सगळ्या इंग्लंडला सांगितलंस की मी जाणार नाही.

मला विचारलं असतंस तर. पण मीही तुला जिरेनियमच लिहिलं होतं ना.

अहवाल आला त्या रात्रीच नेडला इस्पितळात न्यावं लागलं. शुक्रवारी घरी सोडलं. म्हणजे खुर्चीत सोडलं. आता मी गेले तर मंत्र्यांना दिलेला शब्द मोडतो, आणि आमच्या दोन्ही बाजूंची छपरं जातात. नाही गेले तर नेड जातो. तू एवढी मोठी माणसं रोज भेटतेस, विचार कुणाला तरी, यातून वाट आहे का.

एथेल


पिम्लिको, लंडन
१५ मार्च १९६७

प्रिय एथेल,

तुझं पत्र आल्यापासून मी सभागृहात जाते, बसते आणि काय चाललंय ते मला कळत नाही.

इथे एक रीत आहे. आपण काही खोटं बोलून बसलो तर उठून ते परत घेता येतं. कुणी मध्ये बोलत नाही, सगळे माना खाली घालून ऐकतात. मी ते लिहून काढलं, लॉर्ड कॅल्डरशॉना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, “हे प्रामाणिक आहे. याने तुमची सुटका होईल. तुमच्या बहिणीची होईल का?”

मी कागद फाडला. त्याने तुझं नाव पुन्हा चव्हाट्यावर आलं असतं, आणि मंत्र्यांना हवी होती ती फट मिळाली असती.

तुझ्या पत्रातली नेडची खुर्ची डोळ्यांसमोरून हलत नाही. तू लिहिलं होतंस, तो खुर्चीत झोपतो. मी ते वाचलं, आणि मला वाऱ्याबद्दलचं वाक्य भाषणासाठी जास्त आवडलं. मला झोप कशी लागेल आता?

ऐक. टीसडेलबाईंनी काय ठरवलं? घर रिकामं नको. कोण राहतं ते ठरवलेलं नाही. मला लंडनची ही खोली घर वाटलेली नाहीच. आठवड्यातले तीन दिवस सभागृह, तेवढ्यापुरती इथे एक खाट मिळेल. बाकी मी १४, चॅपल रोमध्ये राहते. भाडेकरू म्हणून बहिणीचं नाव लावता येतं, मी चौकशी केली. तू नेडला घेऊन जा. लगेच जा.

नाही म्हणू नकोस.

विनी


फेनलॉ
१८ मार्च १९६७

विनी,

वेड लागलंय का तुला? तुला चूल पेटवता येत नाही. लहानपणी आईने तुला कधी हात लावू दिला नाही, म्हणायची, ही पुस्तकंच जाळील. आणि त्या ओलीत तू साठीला टेकलेली बाई, दर आठवड्याला गाडीने खालीवर करणार? लोक काय म्हणतील? एथेलने स्वतःची मान सोडवली आणि बहिणीची अडकवली.

मी हे सगळं नेडला वाचून दाखवलं. त्याला बोलायला वेळ लागतो हल्ली. म्हणाला, “तिला सांग, चुलीची झडप डावीकडे अडकते. लाथ मारायची.”

म्हणजे त्याचं उत्तर आलं. माझं काय ते तूच समज. हो म्हणतेय, पण मान वर करून नाही.

टीसडेलबाईंना आज सांगितलं. सतरंजीची चौकट त्यांनी उचलली आणि घेऊन गेल्या. अर्धी विणलेली.

एथेल


१४, चॅपल रो, फेनलॉ
३० एप्रिल १९६७

प्रिय एथेल,

झडप डावीकडे अडकते. मी लाथ मारते. रोज सकाळी भिंतीपलीकडून ह्यूबर्टचा आवाज येतो, “जोरात, बाईसाहेब!”

पहिले काही दिवस कुणी दार वाजवलं नाही. मग एकदा टीसडेलबाई आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. “तुम्ही आलात ते बरं केलंत,” म्हणाल्या. “ती गेली ते नाही.” मी म्हटलं, “नेडला श्वास घेता येत नव्हता.” त्या म्हणाल्या, “माझ्या नवऱ्यालाही आला नाही. पण मी इथेच आहे.” संसदेत बोलायची सवय इथे काही कामाची नाही.

परवा कौंटीचा माणूस येऊन गेला. तरुण होता, वहीबिही घेऊन. सगळ्या दारांवर थाप मारत आला. माझ्या दारात विचारलं, “कोण राहतं?” मी म्हटलं, “मी, गार्बट.” “एकट्याच?” “हो.” आत येऊन कपाटामागची भिंत बघितली त्याने. हळू आवाजात म्हणाला, “बाई, खरं सांगू का? मी तुमच्या जागी असतो तर इथे थांबलो नसतो.” मी म्हटलं, “तुम्ही फक्त घर भरलेलं आहे एवढं लिहा.” त्याने लिहिलं. अख्खं गाव भरलेलं निघालं, एथेल. एकही रिकामं नाही. निकाल उन्हाळ्यात.

मी छान आहे. थोडा खोकला आहे, लंडनच्या धुराचा असणार.

नेड कसा आहे? यावेळी पानभर लिही.

विनी


२७, लॅबर्नम वॉक, ब्रॅन्सफर्ड
१४ मे १९६७

प्रिय विनी,

लंडनच्या धुराचा! त्या घरात मी आयुष्य काढलंय, मला नको शिकवूस. लोकरीचा बनियन घाल आणि डॉक्टरला दाखव. नाहीतर मी बस पकडून येईन आणि ओळीतल्या सगळ्यांसमोर तुझ्या छातीला हंसाची चरबी चोळीन.

नेड आडवा झोपतो. तुला पानभर हवं होतं, पण एवढंच आहे सांगायला. आठवड्यापूर्वी सकाळी त्याचा काही आवाज येईना म्हणून मी घाबरून उठले, तर पालथा पडून झोपला होता, लहान मूल झोपतं तसा. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. बरा होणार नाही तो. डॉक्टर म्हणाले, एखादा हिवाळा, कदाचित दोन. मी दोन धरलेत. दिवसा दारात खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, इथे लीक कुठे लावतात. इथे कुणी लीक लावत नाही. इथे कुणी कुणाला ओळखतच नाही. मी पाव भाजले तेव्हा कुणाला द्यायचे ते कळेना.

फेनलॉतून कुणी आलं नाही. म्हणजे कालपर्यंत आलं नव्हतं.

काल दुपारी दार वाजलं. टीसडेलबाई. काळी टोपी घालून, हातात पिशवी, बसच्या प्रवासाने चेहरा पांढरा पडलेला. पिशवीत ती सतरंजी होती, पूर्ण केलेली. “तुझे टाके त्यात आहेत,” म्हणाल्या आणि ती जमिनीवर टाकली. बसल्या नाहीत. नेडशी दोन शब्द बोलल्या. मग म्हणाल्या, “दाखव बरं ती बाथरूम. गावभर चर्चा आहे तिची.”

मी दाखवली. त्यांनी नळ सोडला. पाणी आधी गारच येतं. त्या पाण्याखाली हात धरून उभ्या राहिल्या. पाणी कोमट झालं, मग गरम, तशी त्यांनी बाही वर सरकवली आणि मनगट धरलं, मग कोपर. हाडं दुखतात त्यांची, कधी बोलल्या नाहीत. मी म्हटलं, “चहा ठेवू का?” पाणी वाहतंय आणि त्या भिंतीकडे बघताहेत.

मग नळ बंद केला. हात पुसले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “एथेल, या रस्त्यावर अजून एखादं घर शिल्लक आहे का गं?”

मी म्हटलं, चौकशी करते. त्या लगेच बसला गेल्या.

विनी, मी अजून चौकशी केलेली नाही. तुला विचारल्याशिवाय करणारही नाही.

तुझी,
एथेल